बत्तिसावं पान

दिजों, ८ डिसेंबर १९३४

ती. बाबांस,
सा. न., विनंतीपेक्षा तक्रार विशेष.

आत्याचं पत्र आलं. नव्या फादरनी तुमचं नाताळचं गाणं बंद केलं म्हणे! नाटकवाल्याची चाल चर्चमध्ये नको, म्हणाले. बावीस वर्षं तुम्ही ते वरच्या सज्जातून गाताय. शेवटच्या कडव्याला अख्खं गाव गुडघे टेकतं. आणि तुम्ही म्हणे टोपी हातात घेऊन ‘बरं, फादर’ एवढंच म्हणालात! मी बिशपांना लिहिणार आहे. मग शिकले कशाला? परवा आलेल्या माणसाला त्या संगीतकाराची माहिती दिली कोणी? चुगलखोराचं नाव कळवा.

तुमच्यावरही रागावलेली,
सोलांज

व्होक्लेर, १२ डिसेंबर

चि. सोलांज,
आशीर्वाद. नाव हवंय ना? सोलांज.

तुझा पदवीचा प्रबंध मी कामाच्या बाकावर ठेवला होता. फादर लाकडी बूट करून घ्यायला आले. हातावरचा भुसा झटकून मीच तो त्यांना दिला. आमच्या घरातली पहिली शिकलेली पोर, असंही ऐकवलं. आठवड्याने परत आणला तो एकतिसाव्या पानावर बोट ठेवून. तो संगीतकार चर्चची पायरी चढत नसे, ही चाल त्याने आपल्याच नृत्यनाटकातून उचलली, असं तूच लिहिलंयस. लिहिलं तू, मिरवलं मी. आता ओरडू कोणावर? बिशपांना लिहू नकोस. आत्याने अक्रोड पाठवलेत, ते खा आणि गप्प बस.

तुझा बाप

दिजों, १६ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न.

अक्रोड कडू निघाले. किंवा माझंच तोंड कडू झालंय.

एकतिसावं पान वाचणाऱ्याला बत्तिसावं उलटता आलं नाही? आणि बाबा, तुम्हीही नाही वाचलंत! ज्याचा देवावर विश्वास नव्हता त्याच्या गाण्याला आमच्या गावात एकमेकांचं तोंड न बघणारेही बाजूबाजूला गुडघे टेकतात. त्यातली श्रद्धा त्यांची आहे, असं तिथे लिहिलंय. खाली गाणारा म्हणून तुमचं नाव आहे. बारीक अक्षर दिसत नसेल तर आत्याकडून वाचून घ्या. मी नाताळला येणार नाही. तो मुका सज्जा मला बघवणार नाही.

स्वतःवरच चिडलेली,
सोलांज

व्होक्लेर, २६ डिसेंबर

चि. सोलांज,
आशीर्वाद.

आत्याने ते पान दुकानात वाचलं, तेही तिच्या खणखणीत आवाजात! रस्त्यावरची माणसं आत आली. तिला दोनदा वाचावं लागलं.

नाताळच्या प्रार्थनेला मी सज्जात गेलो नाही, खाली खांबापाशी उभा राहिलो. गाण्याची वेळ झाली. फादरनी दुसरंच गाणं धरलं. एकानेही साथ दिली नाही. दोन ओळींत तेही थांबले. मग काहीच नाही. मी मनातल्या मनात पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. शेवटचं सुरू केलं आणि अख्खं चर्च एकदम गुडघ्यावर आलं. गिरणीवाला आणि त्याचा भाऊसुद्धा, खांद्याला खांदा लावून. कोणी खूण केली नव्हती. उठलेही सगळे एकदमच.

बाहेर फादर लालबुंद होऊन विचारत होते, हे यांना शिकवलं कोणी. मी म्हटलं, पान बत्तीस.

पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही. बावीस वर्षं ऐकलंस, आणि ज्या वर्षी मी सगळ्यात चांगला गायलो, त्या वर्षी तू नव्हतीस.

रागाखाली लोभ आहे, तो शोधून घे.

तुझा बाप,
एव्हारिस्त