लॅबमधले न झिजलेले कीबोर्ड

चिमणे,

तुझ्या मूळ गुणपत्रिका कपाटात शोधू नकोस, त्या माझ्या पिशवीत आहेत. रागव खुशाल. आज त्या कॉलेजात जमा केल्यास की अडकलीस, म्हणून आधी हे वाच.

काल फिरायला जातो म्हणालो ती थाप होती. तुझा तो कॉम्प्युटर विभाग बघून आलो. शिपायाला म्हटलं, मी कुलगुरूंचा मामा. बिचाऱ्याने खुर्ची पुसून दिली. विभागप्रमुख म्हणाले, "आजोबा, आमची मुलं दिवसभर लॅबमध्येच असतात." मी जन्मभर टाइपरायटर दुरुस्त केले, रोज हात फिरला की बटणं गुळगुळीत होतात, अक्षरं पुसट होतात. तिथल्या तीस कीबोर्डांवर बोट फिरवलं, एकही झिजलेला नाही. "नवे आणलेत वाटतं?" तर म्हणे, "छे, चार वर्षं झाली!"

तुझा बाप म्हणेल, म्हातारा पुन्हा फेकतोय. बिबट्याला छत्रीने पळवल्याचं फेकलं होतं, कबूल. हे नाही. अकराला कॉलेजच्या फाटकाशी ये आणि स्वतः हात लावून बघ. तरीही तिथंच शिकायचं म्हणालीस, तर कागद मुकाट्याने तुझ्या हातात देईन.

– आबा