बटणांचं दुकान फोनात भरताना

चि. बाळ्यास,

ताईचे आशीर्वाद. (एरवी अनेक असतात. या खेपेला एकच समज, आणि तोही वहिनीसाठी.) तुझी तब्येत ठणठणीत असणारच, कारण ताप सगळा तू मला दिला आहेस. वहिनीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, वाकू नकोस, विशेषतः नवऱ्यापुढे. माझं विचारशील तर रक्तदाब वाढलाय, आणि डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा मी सरळ तुझं नाव सांगितलं.

मालकाने महिनाअखेरीला गाळा रिकामा मागितला म्हणून मी रडत तुला फोन केला, इथपर्यंत चूक माझीच. त्यावर तू काय म्हणालास? "ताई, गाळा हवाय कशाला, दुकान ऑनलाइन टाक, दोन मिनिटांचं काम!" अरे, दोन मिनिटांत माझ्या दुकानातला एक खण उघडत नाही! (लाकडी बटणांचा. हवा दमट असली की त्याला खालून गुडघा लावावा लागतो.) अर्धं आयुष्य मी बटणं विकली. ती सगळी आता फोनात भरायची, आणि नाही जमलं तर पुढच्या महिन्यापासून घरी भिंतीकडे बघत बसायचं. तेव्हा कुठल्या ऑनलाइन बाजारात बसायचं हा माझ्यासाठी खेळ नव्हता, बाळ्या.

आधी तू मला त्या मोठ्या बाजारात ढकललंस, जिथे जगातलं सगळं मिळतं आणि म्हणून कुणाचंच काही दिसत नाही. त्यांचा नियम, की फोटो पांढऱ्यावरच काढायचा. बरं. मी टेबलावर पांढरी चादर अंथरली, पडदा सारला आणि पांढरी बटणं ओळीने मांडून फोटो काढले. पांढऱ्यावर पांढरं! फोटोत नुसती चार-चार भोकं. उत्तर आलं, वस्तू आढळली नाही. मग रंग विचारला, तर त्यांच्या यादीत पांढरा एकच. अरे, दुधाळ आहे, हस्तिदंती आहे, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या शर्टाला लागतो तो जुना पांढरा आहे, त्यांचं मी काय करू? तर म्हणे 'इतर' लिहा. माझी निम्मी बटणं इतर! तळपायाची आग मस्तकात गेली. वर माझ्या बटणांच्या खालीच दुसऱ्याची बटणं, माझ्याहून स्वस्त, "हेही बघा" म्हणून. माझ्याच काउंटरशी उभं राहून समोरच्या दुकानाचा पत्ता सांगणारा माणूस मी पदरी ठेवला असता का?

मग तुझा दुसरा शोध. स्वतःची वेबसाइट, दरमहा भाडं. (गाळ्याला मुकलेल्या बाईला तू नवा मालक गाठून दिलास, शाबास.) तिथे म्हणे मांडणी तयार मिळते. मी निवडलेल्या मांडणीत अगदी वर एक बाई बूट घालून पळत होती. ती काही केल्या निघेना. आठवडाभर माझ्या दुकानात पळत होती मेली, आणि एक बटण घेतलं नाही. मदतीसाठी लिहिलं तर पलीकडून एक यंत्र गोड गोड बोलून विचारत राहिलं, तुमची समस्या सुटली का? मी चांगल्या चार शिव्या घातल्या. तर म्हणालं, अभिप्रायाबद्दल धन्यवाद.

आणि मधेच त्या मोठ्या बाजारातून ऑर्डर आली! सहा निळी बटणं. कशाला हवीत, कुठल्या कापडाला, अवाक्षर नाही. तुला माहीत आहे, कापड बघितल्याशिवाय मी बटण देत नाही. लग्नाच्या घाईतल्या नवरदेवालासुद्धा दिलं नव्हतं (बिचारा धावत जाऊन कोट घेऊन आला). तेव्हा मी ऑर्डर रद्द केली. कारण लिहायचं होतं 'कापड दाखवा', पण तिथे लिहायला जागाच नाही, दिलेल्यांतलंच एक निवडायचं. म्हणून 'माल खराब' निवडलं. नंतर चार तपकिरी आली, तीही रद्द. आठ काळी, तीही. तर त्या लोकांनी माझंच दुकान बंद केलं! कळवलं की विक्रेती भरवशाची नाही. मी! हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला जिने सांगितलं, हे बटण तुमच्या कोटाला शोभणार नाही, नका घेऊ, ती मी! रडले रे त्या दिवशी, रागाने.

तेव्हा आता असा बाजार शोधून दे, जिथे गिऱ्हाईक आधी कापड दाखवतं, दोन शब्द बोलतं आणि मग घेतं. नसेलच कुठे तर तसं स्पष्ट सांग, पण पुन्हा दोन मिनिटं म्हणालास तर याद राख.

तुझी (नाइलाजाने) ताई

ता. क. त्या तिन्ही ऑर्डरी तुझ्या होत्या हे मला पहिल्याच वेळी कळलं. नाव खोटं घातलंस, पण पत्ता तुझ्या ऑफिसचा. "लिफ्टसमोर, आत येऊन हाक मारा" हे तुला पाठवलेल्या पार्सलांवर मीच इतकी वर्षं लिहीत आले ना? ताईवर दया करायला निघालास! मला गिऱ्हाईक हवं होतं, दाता नको. रद्द केल्या त्या म्हणून. (दुसऱ्या कुणाची एकही आली नाही.)

आणखी एक. दुकान आवरायला घेतलंय. एक खण काढते, बटणं बघते आणि परत लावून टाकते. सकाळपासून एवढंच चाललंय. एकटीच्याने नाही होणार हे माझ्याच्याने. तू ये. सुट्टी-बिट्टी बघत बसू नकोस. बटण तुटलेला एखादा शर्ट असेल तर तोच घालून ये, बसवून देईन. पण मुद्दाम तोडून आणू नकोस. झिजून तुटलेला दोरा कुठला आणि कात्रीने कापलेला कुठला, ते मला कळतं.