बाळ्याच्या माळावरचा माळढोक

६ मे १९३०
संकल्प: या सुट्टीत माळढोक बघायचाच. बकरीएवढा पक्षी, पण शिकाऱ्यांनी संपवत आणलाय. शहराबाहेर बाळ्याच्या माळावर एक उरलाय म्हणतात. मी इंग्रजीचा मास्तर. त्याच्यावर इंग्रजीत लेख लिहीन, मुंबईपर्यंत नाव होईल. दुर्बीण हेडमास्तरांची, मागून आणली. बायको महादेवी म्हणाली, गावात हवा बरी नाही, जाऊ नका. बायकांना सगळीकडे हवाच दिसते.

८ मे
मेहुणा शंकरप्पाला बरोबर घेतलं. कापडदुकानात गुमास्ता, दोन लेकरांचा बाप. नको म्हणत होता. बाजार बंद, टांगा नाही. चालत गेलो. माळावरून शहराकडे धूर दिसला. कचरा जाळत असतील. मग फटाके. लग्नसराई आहे. शंकरप्पा म्हणाला, "दाजी, हे फटाके न्हाईत." त्याचं निसर्गात लक्षच नाही. पक्षी: फक्त टिटव्या.

१० मे
कोर्ट जळालं म्हणे. रस्त्यात एक पोलीस नाही, गिरण्यांचे भोंगे गप्प. पक्षीनिरीक्षणाला याहून चांगला काळ नाही. माळावर मेंढरं राखणारी सोजरबाई म्हणाली, "मास्तर, ती नळी डोळ्याला लावून हिंडू नगा. बगनाऱ्याला येगळंच वाटतंय." अडाणी बाई.

१३ मे
कालपासून मार्शल लॉ. लष्कर आलंय. पांढरी टोपी दिसली की धरतात म्हणे. अफवा. शिस्त आली, पक्ष्यांना बरंच. महादेवी भावाला सोडत नव्हती. मी सांगितलं, तो माझ्याबरोबर आहे, काळजी कसली?

१४ मे, संध्याकाळ
दिसला. बहुतेक. गवतातून उंच पांढरी मान वर आली. दुर्बीण शंकरप्पाच्या हातात कोंबली आणि ओरडलो, "बस्टर्ड! बस्टर्ड!" माळढोकाला इंग्रजीत हेच म्हणतात.

मागे सडकेवर लष्कराची लॉरी थांबली होती. गोरा सार्जंट उतरून आला. त्याला ती शिवी वाटली. "नो सर, बस्टर्ड, सर," मी समजावलं. जितकं समजावलं तितका तो लाल झाला. मग त्याची नजर शंकरप्पाकडे गेली. डोक्यावर पांढरी टोपी, हातात दुर्बीण. दुर्बीण कुणाची, त्याने विचारलं. मी सांगणारच होतो. वाक्य जुळवत होतो. इंग्रजी नेमकं तेव्हाच सुचेना.

शंकरप्पाने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

लॉरीत चढताना म्हणाला, "दाजी, तुमी घरी जावा. अक्काला सांगा." काय सांगायचं, ते राहून गेलं.

महादेवी दारातच होती. माझ्याकडे नाही, माझ्या मागे रस्त्याकडे बघत होती. मी म्हणालो, भाषेचा गैरसमज झालाय, उद्या सोडतील.

ती म्हणाली, "मग तुम्हाला आजच कसं सोडलं?"