पेढा अजून लंगडतो

चि. महेंद्र,
सप्रेम जयभीम.

तुझी पाठ कशी आहे? यशोधराचा खोकला थांबला का? भाविकाचा हलणारा दात पडला की अजून लटकतोय? मी ठणठणीत. राहिला तुमचा कुत्रा, त्याच्यासाठीच लिहायला बसले.

बदलापूरचे तीन जिने पेढ्याला चढवेनात, म्हणून तुम्ही त्याला अंबरनाथला माझ्याकडे ठेवलंत. मी त्याला माझीच गुडघ्याची गोळी देणार होते. डॉक्टरीणबाई केवढ्यांदा ओरडल्या, "आजी, माणसांच्या गोळ्यांनी जीव जाईल त्याचा! मी देते तीच द्या. तुमचा शेक चालेल, पण कोमट हं." मग त्यांची गोळी आणि माझा शेक, दोघींचं छान जमलं.

फोनवर तुला म्हणाले ना, "अजून लंगडतो रे"? ते खोटं. काल मांजरामागे धावत तो टाकीवर चढला, लबाड! शेकायची पिशवी दिसली की मात्र लगेच पाय ओढतो आणि माझ्या मांडीवर येऊन पडतो. मीही विचारते, "फार दुखतंय का रे राजा?"

बरा झाला कळलं की तू रविवारी न्यायला येशील. मग घर खायला उठेल मला. भाविकाही त्याची वाट बघते, कळतं रे. तिलाच सुट्टीत इकडे पाठव ना.

इथवर लिहून आज पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले होते. पेढा पुढे उड्या मारत होता. त्याच्याकडे बघितलं आणि हे पत्र पिशवीत घालून परत आले.

हे टाकलंच, तर लवकर उत्तर लिही. नाही टाकलं, तर तो अजून लंगडतोय.

तुझी,
आई