फाइल कुणाच्या नावावर

मंगळवार, एप्रिल १९९८

फार दमलोय आज. मेव्हण्याचं लग्न उरकून म्हसवडहून थेट कचेरीत गेलो, तर शेजारच्या टेबलावरच्या कदमबाईंचा चेहरा उतरलेला. टँकरच्या यादीत जतच्या बाजूच्या एका वस्तीचं नाव घालायचं होतं आणि तीन दिवस कॉम्प्युटर एकच सांगत होता: परमिशन डिनाइड. त्या वस्तीवरचे बिरूआप्पा बाकावर बसलेले, पायाशी रिकामा कॅन.

"हातानं लिहून द्यायचं होतं की!" मी बाईंवर उखडलो.

"छापील यादीशिवाय टँकर सोडायचा नाही, हे तुम्हीच सांगून गेलात."

बाईंच्याच लॉगिनवर तासभर झटलो. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. परमिशन डिनाइड. शेवटी सांगलीच्या इंजिनिअरवर फोनवरून खेकसलो. तो शांतपणे म्हणाला, "आधी फाइल कुणाच्या नावावर आहे ते बघा."

माझ्याच. रजेवर जाताना, मागे कुणी यादीत ढवळाढवळ करू नये म्हणून मीच ती बाकीच्यांना बंद केली होती. विसरलो कसा? की कुणाला हात लावू द्यायचाच नव्हता मला?

मग काय, माझ्या लॉगिनवरून दोन मिनिटांत नाव घातलं, यादी छापली. तीन दिवस वस्तीनं पाण्याचं काय केलं, ते विचारायचा धीर झाला नाही.

बिरूआप्पांनी कॅन उचलला. "तुमी तरी काय करणार साहेब? मशीनच ते. त्याला काय कळतंय?"

मी मान डोलावली. कदमबाईंनी छापील यादीवर शिक्का मारला. पडद्यावर मालकाच्या रकान्यात माझं नाव अजून तसंच होतं.