वाटी उलटी सोड

सौ. ताईस,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकलेलाच आहे. चार दिवस सिंकखाली शिरून कंबर सरळ व्हायचं नाव घेत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला, की घरचाच झाला? आमच्याकडे सगळं खुशाल, म्हणजे ओट्याच्या वरचं. खालच्यासाठी हे पत्र. बाबांना समोर बसव आणि मोठ्याने वाच. फोनवर ते तीन शब्दांत आटोपतात, पत्र मात्र शेवटपर्यंत ऐकतात, असं तूच म्हणालीस. गेल्या महिन्यात मी त्यांना म्हटलं, चार दिवस इकडे या, तर “तिथे माझं काय काम?” म्हणाले आणि फोन ठेवला. तर बाबा, काम निघालंय.

स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. का तुंबलं, यावर घरात दोन मतं आहेत. माझं मत, घर भाड्याचं, पाइप जुना, त्याचंही वय झालं. हिचं मत, मी दोन वर्षं रोज सकाळी चहाचा चोथा त्यात ओततोय. (दोन्ही मतं बरोबर असू शकतात, पण हिला तसं सांगून बघ.) सोमवारी सकाळी पाणी रेंगाळत जात होतं, दुपारी जागेवरच बसलं, आणि संध्याकाळी आम्ही दोघं बाथरूममध्ये भांडी घासत होतो. घरमालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहतात. भिंतीला खिळा नको आणि पाइपला हात नको, ही त्यांची अट. तेव्हा त्यांना कळायच्या आत उरकायचं ठरलं आणि मी बाबांना फोन लावला. ज्या माणसाने पस्तीस वर्षं लोकांच्या घरचे पाइप जोडले, त्याच्या मुलाने दुसऱ्या कुणाला विचारणं बरं दिसतं का?

बाबा म्हणाले, “वाटी उलटी सोड.” फोन बंद.

आता तूच सांग ताई, मी पडलो भूगोलाचा मास्तर. नदी कुठून निघते आणि कुठे मिळते ते विचार, झोपेत सांगेन. पण वाटी म्हटल्यावर मला वाटीच दिसणार ना! मी फळीवरची मोठी स्टीलची वाटी घेतली, उलटी केली आणि सिंकमध्ये सोडली. काही झालं नाही. म्हटलं, बाबांची विद्या आहे, वेळ लागत असेल. म्हणून वरून दाबून धरली. अर्ध्या तासाने पाणी बोटभर उतरलं (मी हिला हाक मारून दाखवलंसुद्धा), आणि तेवढ्यात वाटी भोकावर अशी चिकटली की दोघांनी ओढूनही हलेना. थोडक्यात, तुंबलेल्या सिंकला मी झाकण बसवलं होतं. हिने फळीवरच्या उरलेल्या वाट्या उचलून कपाटात ठेवल्या.

शेवटी सुरीच्या टोकाने वाटी निघाली. मग सिंकखाली डोकं घातलं तेव्हा प्रकाश पडला. पाइपच्या खाली गाळ साठायला जो गोल पेला असतो, तीच बाबांची वाटी. उलटी म्हणजे उलटी फिरवून, आणि सोड म्हणजे खोल. (बाबा, एक शब्द जास्त बोलला असतात तर माझी अब्रू वाचली असती.) बादली ठेवली, पाइपसकट वाटी खोलली, आणि दोन वर्षांचा चहा बाहीतून थेट काखेत गेला. पण बादली भरली! मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी उठलो आणि ती बादली सवयीने सिंकमध्ये रिकामी केली. खाली आता पाइप नव्हता. खाली घरमालकीणबाई होत्या. आवाज ऐकून वर आल्या होत्या, ओट्याखाली वाकून काय ते बघत होत्या. बाई भली म्हणून निभावलं. “राहू दे मास्तर,” एवढंच म्हणाल्या आणि पदर पिळत जिना उतरल्या.

वाटी मी परत बसवलीय, पण ती गळते, आणि पाणी अजून भिंतीतल्या पाइपापाशी अडून बसलंय. तेव्हा बाबा, तुमच्यावाचून अडलंय हो. खिडकीजवळची खाट तुमच्यासाठी रिकामी केलीय.

तुझा धाकटा

ता. क. (हे मोठ्याने वाचू नकोस.) सिंक कालच मोकळं झालं. घरमालकीणबाईंनीच प्लंबर पाठवला, दहा मिनिटांत काम झालं. बाबा निघाले की लगेच कळव, म्हणजे पुन्हा तुंबवायला घेतो. ही या वेळी माझ्या बाजूने आहे. चोथा डब्यात साठवतेय.

आणखी एक. त्यांचा हात थरथरतो, म्हणून ते येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पाना मी धरीन. त्यांनी नुसतं स्टुलावर बसावं आणि मला शिव्या घालाव्यात. आई गेल्याला वर्ष झालं, ताई, तेव्हापासून ते माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. मला ते सहन होत नाही गं.

आणि तुझी सवय मला माहीत आहे, तू कंसातलंही वाचून दाखवतेस. वाचलं असशील तर असू दे, आता थांबू नकोस. बाबा, सिंक चांगलं आहे. तरी या.