सिनेटर हॅचर यांचं चरित्र, पानं तीनशे

११ जानेवारी २००४, रविवार
वही नवी. मालिनीला जाऊन दोन महिने झाले. मी ठीक आहे. आमची मुलगी नेत्रा जर्सी सिटीहून रोज फोनवर विचारते, मी रोज हेच सांगतो.
मुद्दा असा. मालिनी इथल्या ज्या छोट्या हिस्टॉरिकल सोसायटीत व्हॉलंटियर होती, तिथे तिने एक व्याख्यान कबूल केलं होतं. विषय: इलिनॉयचे स्टेट सिनेटर लेम्युएल हॅचर (१८२६–१८९१), जीवन व कारकीर्द. तारीख २ ऑक्टोबर. सेक्रेटरी डोरोथीबाई हळूच म्हणाल्या, हवं तर कॅन्सल करू, एक गृहस्थ काटेरी तारांचे नमुने दाखवायला तयार आहेत. मी नको म्हटलं. तिने शब्द दिला होता. व्याख्यान मी देईन.
नुसतं व्याख्यान कशाला, पुस्तकच लिहीन. तीनशे पानं. रोज दीड पान.
जाहीर बोलण्याचा अनुभव: नाही. लग्नात उखाणासुद्धा घेतला नव्हता. पण सवयीने जमेल.

१९ जानेवारी
एक्सेलमध्ये टाइमलाइन केली. सहा रंग. बालपण हिरवं, सिनेट निळं.
मालिनीच्या टिपणांची कार्डं बुटाच्या खोक्यात आहेत. उघडली नाहीत. दुसऱ्याची टिपणं वाचली की संशोधकाची दृष्टी बिघडते. खोकं कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. दुपारी ते आणखी मागे सरकवलं.
पानं: शून्य. पाया मात्र पक्का.

२१ फेब्रुवारी
शॉमबर्गहून राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफिल्डला, ड्राइव्ह करून गेलो. सिनेटच्या कामकाजाची जुनी पुस्तकं पाहिली. हॅचर दोन टर्म होते, म्हणजे आठ वर्षं. मांडलेली बिलं: एक. रस्त्यावर मोकाट डुकरं सोडू नयेत. ते पुढच्या बैठकीवर टाकलं गेलं आणि तिथेच राहिलं.
काळाच्या पुढचा माणूस.
भाषणं शोधतो आहे.

१४ मार्च
भाषण सापडलं. आठ वर्षांत एक. फेब्रुवारी १८७४, सकाळचं सत्र. मागची खिडकी बंद करावी अशी विनंती केली. सभापतींनी मान्य केली.
हा संयम आज कुठे दिसतो? पुस्तक मात्र दोनशे पानांचं करावं असं वाटतं. आटोपशीरपणा हवा.

३० मे
नेत्रा तीन दिवस राहून गेली. तिला सिनेटरांची टाइमलाइन दाखवली. जाताना म्हणाली, बाबा, तीन दिवस लेम्युएल लेम्युएल चाललंय, आईचं नाव एकदाही काढलं नाहीत. मी म्हटलं, ती विषयात बसत नाही. एअरपोर्टवर वर्षश्राद्धाचं विचारत होती. ऑक्टोबरनंतर बघू म्हटलं.
पानं: दोन. पैकी एक अनुक्रमणिका.

११ जुलै
समोरचा अतुल चहाला आला. नागपूरचा, बोलायला मोकळा. त्याला सगळी कारकीर्द सांगितली. चहा गार होण्याआधी संपली. अतुल म्हणाला, त्र्यंबकराव, हा माणूस आठ वर्षं नुसता बसून होता का यार? मी त्याला तिसरी निवडणूक समजावून सांगितली. अकरा मतांनी हरले. म्हणजे जवळजवळ जिंकलेच. अतुल म्हणाला, का हरला? मी म्हटलं, त्यावर संशोधन सुरू आहे.
सुरू नाही.
पुस्तक तूर्त पुस्तिका. चाळीस पानं.

१५ ऑगस्ट
मालिनीचं खोकं काढलं. एक तारीख पडताळायची होती, बाकी काही नाही. एकशे बारा कार्डं. बारीक, तिरपं अक्षर. शेवटच्या कार्डावर मराठीत लिहिलं आहे:
'याने विशेष काही केलं नाही. पण बायको आजारी पडली तेव्हा दोन अधिवेशनं सोडून घरी राहिला. म्हणून हरला. व्याख्यानात हे सांगायचं.'
ती आजारी होती तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. मी ऑफिसात होतो. पुष्कळ दिवस.
आजचं काम इथे थांबवलं. सकाळचे दहा.

१८ सप्टेंबर
पुस्तिकेचा विचार मागे ठेवला. व्याख्यानावर लक्ष. स्लाइड्स पासष्ट.
महाराष्ट्र मंडळाच्या यादीवर ईमेल पाठवली. मजकूर मोजका: कै. मालिनीच्या स्मरणार्थ, शनिवार २ ऑक्टोबर, दुपारी बारा, नंतर भोजन. सिनेटरांची माहिती अटॅचमेंटमध्ये.

२१ सप्टेंबर
त्रेचाळीस जण येतो म्हणाले! सिनेटर हॅचर यांच्याविषयी एवढी उत्सुकता असेल असं वाटलं नव्हतं.
अतुलने विचारलं, गुरुजी ठरले का? मी म्हटलं, गरज नाही, प्रास्ताविक डोरोथीबाई करतील. अतुलची बायको हिमानी वडे आणि खीर आणणार आहे. अळूवडी आणखी कोणी. लोक व्याख्यानाला इतकं करतात, हे मला नवीन आहे.

२ ऑक्टोबर, रात्री आठ
तर, पितृपक्ष सुरू आहे. पंचांग मालिनी बघायची.
सगळे श्राद्धाला आले होते. हॉलच्या दाराशी त्रेचाळीस जणांचे जोडे. सोसायटीच्या पाच अमेरिकन सभासदांनी ते पाहून आपलेही काढले. हिमानीने मालिनीचा फोटो हार घालून पडद्यापुढच्या टेबलावर ठेवला. प्रोजेक्टर लावला तेव्हा सिनेटरांची दाढी थेट फोटोवर पडली. लोकांनी हात जोडले. डोरोथीबाईंनीही.
मी सुरुवात केली. तिसरी स्लाइड, डुकरांचं बिल. पहिल्या रांगेतून मंडळातल्या अहिल्यामावशींनी मोठ्याने विचारलं, काय रे त्र्यंबक, हे मालिनीच्या माहेरचे का?
कोणीतरी हसलं. मग सगळेच. मग मीही, असं अतुल म्हणतो.
मी म्हटलं, नाही मावशी, हे तिचे ओळखीचे. आणि ती यांच्यामागे का लागली ते सांगू लागलो. शेवटच्या कार्डाचं सांगितलं. मग रिलीजचंही सांगितलं. ते पासष्टपैकी एकाही स्लाइडवर नव्हतं. पुढचं नीट आठवत नाही. मध्येच इंग्रजीत बोलत होतो, डोरोथीबाईंसाठी. अतुल म्हणतो, सव्वा तास. सिनेटरांचं नाव दोनदा.
नेत्राने मागच्या रांगेतून हात वर केला होता. ती येणार हे मला माहीत नव्हतं. प्रश्न नव्हता. नुसताच हात.
व्याख्यान योजनेप्रमाणे झालं नाही. आमसुलाची चटणी संपली.

४ ऑक्टोबर, सोमवार
डोरोथीबाईंचा फोन. म्हणाल्या, इतकी गर्दी सोसायटीने कधी पाहिली नव्हती, दरवर्षी अशीच स्मृतिसभा ठेवू या. सिनेटरांविषयी कोणी काही विचारलं का, असं मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, नाही. खिरीची कृती मात्र तिघांनी विचारली.
चरित्र तूर्त स्थगित. रद्द नाही.
मालिनीचं टेबल अजून तसंच रिकामं आहे म्हणाल्या. जुनी पत्रं लावायची राहिली आहेत, मंगळवारी कोणी आलं तर बरं होईल. मी म्हटलं, मला वेळ होईल असं वाटत नाही, विचार करून कळवतो.
उद्या दहाला पोचायचं आहे. डबा करून घेतला.